प्रयोग : कर्तरी की कर्मणी? — ‘दिवास्वप्न’ आणि शाळेच्या पुनर्रचनेतील शिक्षकाचे स्थान

१

‘प्रयोग’ हा शब्द मराठीत तीन ठिकाणी नांदतो. शास्त्रज्ञ प्रयोग करतो, नाटकाचा प्रयोग होतो, आणि व्याकरणात वाक्याचा प्रयोग ओळखावयाचा असतो. शिक्षणविषयक लेखनात हा शब्द बहुधा पहिल्या अर्थाने येतो. परंतु शाळेच्या रचनेत मूलभूत बदल घडवू पाहणाऱ्या कोणत्याही प्रयोगाविषयी विचारावयाचा खरा प्रश्न व्याकरणातला आहे : या प्रयोगात कर्ता कोण, आणि क्रियापद कोणाच्या तंत्राने चालते?

गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ (१९३२) हे गुजराती पुस्तक या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. नव्वद वर्षे उलटून गेल्यावरही ते अनेक भारतीय भाषांतून वाचले जाते आणि होतकरू शिक्षकांच्या हाती आदर्श म्हणून दिले जाते. त्याची लोकप्रियता अनाठायी नाही. मात्र ज्या हेतूने ते शिक्षकांच्या हाती दिले जाते, तो हेतू पुस्तकाच्या रचनेतून कितपत सिद्ध होतो, याची चिकित्सा क्वचितच झालेली दिसते. वर्गात बदल घडवून आणणारा एक शिक्षक दाखविणे निराळे, आणि शिक्षकांनी शाळेचा बदल आपलासा करणे निराळे. या दोहोंतील अंतर मोजणे हे या विवेचनाचे प्रयोजन होय.

२

पुस्तकाचे कथानक सरळ आहे. लक्ष्मीराम नावाचा एक गृहस्थ शिक्षणविषयक ग्रंथांचे वाचन आणि चिंतन करून एका निश्चयाप्रत येतो. पुस्तकी विचार प्रत्यक्षाच्या कसोटीवर घासून पाहण्यासाठी तो शिक्षणाधिकाऱ्याकडे प्राथमिक शाळेतील चौथीचा एक वर्ग एका वर्षासाठी मागतो. अधिकारी साशंक असतो, तथापि परवानगी देतो, आणि वर्षअखेरच्या परीक्षेची आठवण करून द्यावयास विसरत नाही. पहिल्या दिवशी लक्ष्मीराम घरी आखून आणलेला शांततेचा खेळ मुलांपुढे मांडतो व तो सपशेल फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि तेथून वर्गाचा रंग पालटतो. गोष्टींमागून वर्गाचे ग्रंथालय, खेळ, अंगाची व कपड्यांची स्वच्छता, नाट्य, कवितांचे गायन, खेळातून व्याकरण असा क्रम लागतो. पुस्तकाचा शेवट वर्षअखेरच्या संमेलनाने होतो.

या कथनाचे गुण नाकारता येत नाहीत. पहिल्याच दिवसाची फजिती लेखकाने लपविली नाही, यातच त्याची प्रामाणिक दृष्टी प्रकट होते. शिक्षणशास्त्रातील सिद्धांत मुलांच्या गलक्यात कसा वाहून जातो, याचे इतके मोकळे चित्रण त्या काळच्या शिक्षणविषयक लेखनात विरळ होते. शिवाय पद्धतीचे विवेचन न करता पद्धत घटनेतून दाखविण्याचा मार्ग लेखकाने पत्करला, म्हणूनच हे पुस्तक आजही शुष्क वाटत नाही.

परंतु हे सर्व कथन प्रथमपुरुषी एकवचनात आहे, आणि हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. कथनकर्ता लक्ष्मीराम असल्यामुळे मुख्याध्यापक, सहशिक्षक, पालक आणि अधिकारी ही सर्व पात्रे त्याच्या दृष्टिक्षेपात येतील तेवढीच दिसतात. सहशिक्षक अभ्यासक्रम केव्हा पुरा व्हावयाचा, परीक्षेचे काय, शिस्तीचे काय, असे प्रश्न उपस्थित करतात. कथनाच्या ओघात हे प्रश्न अडथळे म्हणून येतात. वाचकाची सहानुभूती आधीच लक्ष्मीरामाकडे गेलेली असल्याने ते प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूने ऐकलेच जात नाहीत. वस्तुतः ते प्रश्न क्षुद्र नव्हेत. ज्याची नोकरी, वेतनवाढ आणि बदली परीक्षेच्या निकालावर व निरीक्षकाच्या शेऱ्यावर अवलंबून आहे, त्याने परीक्षेविषयी विचारावे हे भित्रेपणाचे नसून व्यवहाराचे लक्षण आहे.

लक्ष्मीरामाची स्थिती मात्र निराळी आहे. तो शाळेच्या नोकरशाहीतून वर आलेला नाही. बाहेरून, अधिकाऱ्याच्या अनुमतीने, ठराविक मुदतीसाठी आलेला आहे. त्याचे स्वातंत्र्य अस्सल असले तरी ते दिलेले स्वातंत्र्य आहे. शेजारच्या वर्गातील शिक्षकाला तशी अनुमती कोणी दिलेली नाही. म्हणून ‘त्याने केले, मग तुम्ही का करीत नाही?’ असा प्रश्न या पुस्तकाच्या आधाराने सामान्य शिक्षकाला विचारणे न्यायाचे नाही. दोघांची वाक्येच निराळी आहेत : एकाचे कर्तरी, दुसऱ्याचे कर्मणी.

३

येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. एकट्या शिक्षकाची ही कथा लिहिणारा लेखक स्वतः एकटा नव्हता. वकिली सोडून गिजुभाई भावनगरच्या ज्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले, ती नानाभाई भट्टांनी १९१० मध्ये स्थापिली होती. तेथील बालमंदिर १९२० मध्ये सुरू झाले. ताराबाई मोडक १९२०च्या दशकात तेथे येऊन त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. म्हणजे प्रत्यक्षातील प्रयोग एका संस्थेचा, अनेक सहकाऱ्यांच्या चर्चेतून, मतभेदांतून व परस्परांच्या निरीक्षणातून उभा राहिलेला होता. पुस्तकात मात्र हे सहकार्य विरघळून एका ‘मी’मध्ये सामावले आहे. ‘दिवास्वप्न’ हे नाव लेखकाने समजून दिले आहे. त्या स्वप्नात एक माणूस सरकारी शाळेचा एक वर्ग पालटतो. जागेपणी त्याच लेखकाला सरकारी चौकटीबाहेरची एक संस्था आणि तिच्यातील माणसे लागली.

वाङ्मयीन दृष्ट्या हे संकोचन समर्थनीय आहे. कथेला नायक हवा असतो. शैक्षणिक दृष्ट्या मात्र त्याची किंमत मोजावी लागते. वाचकाच्या मनावर ठसा उमटतो तो असा, की शाळा बदलावयाची म्हणजे एका कल्पक व धीराच्या माणसाने आपला वर्ग बदलावयाचा. वेळापत्रक, इयत्तांची विभागणी, शिक्षकांच्या कामाची वाटणी, परीक्षा घेणाऱ्याचे व शिकविणाऱ्याचे नाते या गोष्टी, म्हणजे जिला शाळेची रचना म्हणतात ती, पार्श्वभूमीवर राहतात.

४

या रचनेलाच हात घालणारे उदाहरण गिजुभाईंच्याच परंपरेतून महाराष्ट्रात घडले, हा योगायोग नव्हे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले.

या कामातील नवीन शब्दांकडे पाहिले, तर बदलाचे स्वरूप तत्काळ ध्यानात येते. ‘अंगणवाडी’, ‘कुरणशाळा’, ‘विकासवाडी’ हे तिन्ही शब्द सामासिक आहेत, आणि पहिल्या दोहोंचे पूर्वपद स्थळवाचक आहे. बोर्डीच्या बालवाडीत दलित वस्तीतील मुले येत नाहीत असे दिसल्यावर, मुले का येत नाहीत याचा दोष पालकांच्या माथी न मारता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली, ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेला, ती कुरणशाळा. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहते म्हणून तिची शाळा बुडते, हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, बांबू अशा भोवतालच्या वस्तू आल्या.

यातील प्रत्येक बदल शिक्षिकेच्या निरीक्षणातून उद्भवलेला आहे. प्रथम अडचण दिसली, नंतर कारण शोधले गेले, मग रचना बदलली, आणि अखेरीस त्या रचनेला नाव मिळाले. नाव सर्वांत शेवटी आले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण प्रशासनाच्या मार्गाने येणाऱ्या बदलात नेमका उलट क्रम असतो : नाव प्रथम येते, त्यापाठोपाठ परिपत्रक, प्रशिक्षण व तक्ते येतात, आणि अडचण कोणती होती हा प्रश्न उरलाच तर शेवटी विचारला जातो. ‘अंगणवाडी’ हाच शब्द याचा साक्षी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर पसरला. त्या योजनेचे कार्य मोठे आहे यात शंका नाही. परंतु शब्दार्थाच्या प्रवासात अंगण गळून पडले. आज अंगणवाडी म्हणजे एक केंद्र, एक सेविका आणि तिच्या नोंदवह्या. ज्या निरीक्षणातून शब्द जन्मला, ते निरीक्षण शब्दाबरोबर गेले नाही.

तथापि कोसबाडच्या उदाहरणाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. ते स्वयंसेवी संस्थेचे कार्य होते. त्यातील माणसे ध्येयाने प्रेरित होऊन आलेली होती. नोकरी म्हणून अध्यापन पत्करलेल्या सरकारी शाळेतील शिक्षकांकडून असा बदल आपलासा होईल काय, हा प्रश्न तेथे सुटत नाही.

५

त्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर होशंगाबादकडे वळावे लागते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो त्या जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पसरला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. येथील शिक्षक सर्वसाधारण सरकारी शाळांचे होते. पाठ्यपुस्तक वाचून दाखविण्याऐवजी मुलांनी गटागटांनी स्वतः प्रयोग करावयाचे, निरीक्षणे नोंदवावयाची आणि चर्चेतून निष्कर्ष काढावयाचे, अशी पद्धत होती. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. शिक्षकांच्या मासिक बैठका होत. वर्गात कोणता प्रयोग फसला, कोणता प्रश्न मुलांना उमगला नाही, याची तेथे चर्चा होई, आणि पुस्तकाच्या पुनर्लेखनात शिक्षकांच्या या अनुभवांचा उपयोग होई.

येथे शिक्षकाची वाक्यरचनाच बदलली. तो दुसऱ्याने लिहिलेले पोहोचविणारा राहिला नाही. पुस्तकातील चूक दाखविण्याचा आणि ती दुरुस्त होताना पाहण्याचा अधिकार त्याला मिळाला. सरकारी शाळेतील सामान्य शिक्षक मोठा बदल स्वीकारीत नाही, हा समज या ३० वर्षांच्या अनुभवाने खोटा ठरविला आहे.

परंतु १९७२ ते २००२ ही ३० वर्षे आहेत, यातच दुसरा धडाही आहे. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. ज्यांनी तो वर्षानुवर्षे चालविला, त्या शिक्षकांच्या हाती तो चालू ठेवण्याची सत्ता नव्हती. त्यांना कर्तेपण वर्गापुरते मिळाले, संस्थेपुरते मिळाले नाही. लक्ष्मीरामाला एका वर्षाची अनुमती होती. यांना ३० वर्षांची मिळाली, एवढाच काय तो फरक, असे कठोरपणे म्हणता येईल.

६

महाराष्ट्रातील अलीकडचा अनुभव या दोन टोकांच्या मध्ये येतो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू झाले आणि त्याची ख्याती राज्यभर पसरली. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर झाला, आणि राज्याच्या निरनिराळ्या भागांतून शिक्षक कुमठ्याच्या शाळा पाहावयास गेले. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग पाहावा, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परिपत्रकापेक्षा शेजाऱ्याचे उदाहरण अधिक पटते. पण पाहून आलेला शिक्षक आपल्या शाळेत काय घेऊन गेला, हा प्रश्न राहतो. अनेक शाळांच्या फरश्यांवर रंगीत आकृत्या उमटल्या. फरशी रंगविणे सोपे आहे. ते एका सुट्टीत होते आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेत चटकन भरते. मूल स्वतः ज्ञान रचते या तत्त्वाला अनुसरून आपला तास, आपले बोलणे, आपले मौन पुन्हा मांडणे कठीण आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यात भरता येत नाही.

या संदर्भात प्रशासनाच्या मराठीचा विचार उद्‌बोधक ठरेल. त्या भाषेत योजना ‘राबविली’ जाते. राबणे म्हणजे कष्टणे. राबविणे हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे कष्टविणे. व्याकरणदृष्ट्या येथे योजना राबते. व्यवहारात कोण राबतो हे सांगावयास नको. ‘शिक्षकांनी उपक्रम राबवावेत’ या वाक्यात शिक्षक तृतीयेत आहेत आणि क्रियापद उपक्रमांच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. अर्थात वाक्याचा प्रयोग आणि माणसाचे सामर्थ्य यांची सरळ सांगड घालणे शास्त्रशुद्ध नव्हे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्यही कर्मणीच आहे आणि तेथे रामाच्या कर्तृत्वाला बाध येत नाही. तेव्हा हा दाखला प्रमाण म्हणून घ्यावयाचा नसून दृष्टांत म्हणून घ्यावयाचा आहे. मात्र एखाद्या व्यवस्थेच्या सर्वच आदेशांत क्रियापद सदैव उपक्रमाकडे पाहत असेल आणि शिक्षकाकडे कधीच पाहत नसेल, तर तो दृष्टांत बराच दूरवर लागू पडतो.

याउलट ‘स्वीकार’ हा शब्द पाहावा. संस्कृत वैयाकरणांच्या मते हे च्वि-प्रत्ययान्त रूप आहे, आणि च्वि-प्रत्ययाचा अर्थ अभूततद्भाव, म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे. जे स्व नव्हते ते स्व करणे, म्हणजे स्वीकार. जे अंग नव्हते ते अंग करणे, म्हणजे अंगीकार. मान डोलाविणे, सही करणे, प्रशिक्षणास हजर राहणे यांपैकी एकही क्रिया या शब्दाच्या अर्थात बसत नाही. स्वीकारात दोन अवस्था गृहीत असतात : पूर्वीची परकेपणाची आणि नंतरची आपलेपणाची. या दोहोंमधला काळ शंकेचा, वादाचा, फजितीचा असतो. ज्या कार्यक्रमात शिक्षकाला शंका घेण्यास जागा नाही, तेथे पहिली अवस्था मान्यच केलेली नसते. मग स्वीकार व्हावयाचा कोठून?

७

एतावता तीन निकष हाती येतात. पहिला असा, की बदलाचे कारण शिक्षकाला स्वतःच्या शब्दांत सांगता येते काय. कोसबाडच्या शिक्षिकांना ते येत होते, कारण कारण त्यांनीच शोधले होते. दुसरा असा, की शिक्षकाला बदलात बदल करता येतो काय. होशंगाबादच्या मासिक बैठकांत तो करता येत होता. तिसरा, आणि सर्वांत अवघड, असा की प्रवर्तक व्यक्ती किंवा अनुकूल अधिकारी बदलून गेल्यावर तो बदल टिकतो काय. तिसऱ्या निकषावर होशंगाबादचा कार्यक्रम शिक्षकांच्या दोषाने नव्हे, तर सत्तेच्या वाटणीमुळे उतरू शकला नाही. कुमठ्याच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या शाळांनाही हे तिन्ही निकष एकेक करून लावून पाहिले पाहिजेत. सर्वांना एकच निकाल लागू होईल असे मानण्याचे कारण नाही.

‘दिवास्वप्ना’ला हे निकष लावले तर काय दिसते? पहिल्या निकषावर लक्ष्मीराम पूर्णपणे उतरतो. दुसऱ्यावरही उतरतो, शांततेचा खेळ फसल्यावर गोष्टीकडे वळणारा शिक्षक आपल्याच योजनेत बदल करण्याचे धैर्य दाखवितो, आणि पुस्तकातील सर्वांत शिकण्याजोगा प्रसंग तोच आहे. दुर्दैवाने पुस्तकाचा अभ्यास करताना भर पडतो तो गोष्टीच्या यशावर, खेळाच्या अपयशावर नव्हे. तिसऱ्या निकषाशी मात्र पुस्तक थांबते. वरिष्ठांना प्रयोग पटला, असे मानले तरी पटणारे वरिष्ठ आहेत. सहशिक्षकांच्या मनात काय घडले हे प्रथमपुरुषी कथनाला आतून सांगता येत नाही. आणि संमेलन संपल्यावर, पुढील वर्षी, ती मुले पाचवीच्या वर्गात जाऊन बसली तेव्हा काय झाले, हे वाचकाला कळत नाही.

‘दिवास्वप्न’ शिक्षकांच्या हाती अवश्य द्यावे. मात्र ते देताना पाचवीच्या शिक्षकाविषयीही विचारावे. गोष्टी ऐकलेली, नाटक केलेली, ग्रंथालय चालविलेली मुले त्याच्यासमोर येऊन बसली आहेत. त्याने कोणतीही अनुमती मागितलेली नाही. त्याला कोणी ती दिलेलीही नाही. परीक्षा, अभ्यासक्रम व निरीक्षक त्याच्यासमोर पूर्वीसारखेच उभे आहेत, आणि मुले मात्र पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. शाळेच्या पुनर्रचनेचा प्रश्न लक्ष्मीरामाच्या वर्गात सुरू होतो खरा, पण त्याचा निर्णय या दुसऱ्या वर्गात लागतो. त्या शिक्षकाला कर्ता होता येईल अशी शाळा उभारणे, हे गिजुभाईंनी न लिहिलेले, आणि अद्याप बहुतांशी न लिहिले गेलेले, प्रकरण आहे.